सात नंबरची तार

ही गोष्ट मी लिहिणारच नव्हतो, खरं सांगतो. गोष्ट कसली, तर एका डब्याची. आत काळे चौकोन, तांब्याच्या रेघा, एक घरघरणारा पंखा. कोण वाचणार? तीनदा टाइप करायला घेतली, तीनदा पुसली. मग वाटलं, ज्या डब्यावरून आमच्या गल्लीत पक्कड उपसली गेली आणि एक मुलगी त्या पकडीसमोर हटून उभी राहिली, त्याची गोष्ट अगदीच फालतू नसणार.

यातला हाझेम म्हणजे मीच. पण "मी असं केलं, मी तसं केलं" लिहिलं की फुशारकी वाटते. म्हणून हाझेमला हाझेमच म्हणतो.

तर झालं असं...

"सोड ती तार, मुली!"

"नाही सोडणार!"

"शेवटचं सांगतोय, रोदैना!"

"मग शेवटचंच सांगा, अम्मो वगदी. परत परत कशाला सांगताय?"

हाज्ज रिफअत यांची गच्ची. भर दुपार. एका बाजूला लाल मुठीची पक्कड घेतलेला वगदी, गल्लीतल्या पोरांचा अम्मो, म्हणजे काका; दुसऱ्या बाजूला मनगटाला राखाडी तार गुंडाळून उभी असलेली तेरा वर्षांची रोदैना. तार तिच्या घराची होती. ती कापायची तर आधी रोदैनाचा हात सोडवायला हवा, आणि रोदैनाचा हात सोडवणं म्हणजे खेकड्याच्या नांगीतून बोट सोडवणं!

हाझेम आणि त्याचा दोस्त बिशॉय जिना चढून धापा टाकत वर आले ते नेमके या वेळी.

"काय झालं?" हाझेमनं विचारलं.

"हिच्या आईमुळे अख्ख्या गल्लीचं नेट मरतं, हे झालं!" वगदी ओरडला. "संध्याकाळ झाली की व्हिडिओवरचे धडे सुरू! सगळं गिळून टाकते ती बाई. कापून टाकतो, विषय संपला!"

"ती बाई नाही, अब्ला सुमय्या म्हणा!" रोदैना कडाडली. "आणि तुमच्या पुतण्याला वाचायला माझ्या आईनंच शिकवलं, विसरलात?"

एझबेत एल-बुर्ग या होड्या बांधणाऱ्या गावात आमच्या गल्लीत नेटची लाइन एकच, हाज्ज रिफअतच्या नावावर. ती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, राउटरमध्ये शिरायची आणि तिथून वीसेक घरांच्या तारा निघायच्या. गच्च्यांवरून, वाळत घातलेल्या चादरींवरून, कबुतरांच्या खुराड्यांवरून. सगळे मिळून वापरायचे. रोदैनाचे बाबा जहाजावर, महिनोन् महिने बाहेर. आई घरबसल्या परदेशातल्या लोकांना अरबी शिकवायची, म्हणून ती अब्ला, म्हणजे शिक्षिका. इंडोनेशियातली एक आजी, जर्मनीतला एक ट्रकड्रायव्हर, असे तिचे विद्यार्थी. त्या एका तारेवर त्यांचं घर चालत होतं. धडा मधेच तुटला की विद्यार्थी रागवायचे. दोघं सोडूनही गेले होते. तारच कापली तर सगळंच संपलं.

"माझ्या गच्चीवर? माझ्या कबुतरांसमोर?" मागून गडगडाटासारखा आवाज आला. हाज्ज रिफअत दाण्याचं भांडं घेऊन उभे होते. आयुष्यभर लाकडी होड्या बांधलेला माणूस, आवाज हातोड्यासारखाच. "लहान पोरीशी झोंबाझोंबी करतोस, वगदी?"

"हाज्ज, ही तांत्रिक गोष्ट आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"मग समजावून सांगा ना!" रोदैना म्हणाली. "त्या डब्यात नेमकं काय बिघडतं?"

"तुला नाही कळायचं."

"का नाही कळायचं?"

"कारण त्यातलं फक्त मला कळतं!" वगदीनं कपाळावर बोट आपटलं. "पासवर्ड इथे आहे, इथे! माझ्याशिवाय त्या डब्यात कुणी एक अक्षर लिहू शकत नाही. वल्लाही, अल्लाची शपथ!"

वगदीचं मोबाइलचं दुकान होतं. गल्ली त्याला बाशमुहंदिस म्हणायची, म्हणजे बडे इंजिनिअर. आमच्याकडे ज्याला बल्ब बदलता येतो त्यालाही कौतुकानं बाशमुहंदिस म्हणतात. वगदीनं ते मनावर घेतलं होतं, एवढंच.

हाज्जनी दाढी खाजवली. "शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर सगळ्यांनी गच्चीवर यायचं. जे ठरेल ते सगळ्यांसमोर. तोवर पक्कड खिशात."

"पण शुक्रवारी तेव्हा मॅच..." वगदी थांबला. आणि एकदम हसला. "नाही, बरोबर आहे, हाज्ज. नेट तेव्हाच मरतं. तेव्हाच दाखवतो सगळ्यांना!"

हाझेमला ते हसू अजिबात आवडलं नाही.

* * *

बिशॉयच्या बाबांचं वर्कशॉप म्हणजे बोटींच्या इंजिनांचं इस्पितळ. डिझेलचा वास, कोपऱ्यात गंजके पंखे, आणि एका फळकुटावर बिशॉयची दौलत. वगदीनं कचऱ्यात टाकलेला मेलेला राउटर, झाकण उघडून ठेवलेला. गच्चीवरच्या राउटरचाच जुळा भाऊ. बिशॉयनं उन्हाळ्याची अर्धी सुट्टी त्याच्यात नाक खुपसून घालवली होती.

"हा मोठा चौकोन प्रोसेसर. म्हणजे डोकं," बिशॉय म्हणाला. "आणि या इथे, इथे, इथे आणि इथे आठवणी."

"चार आठवणी?" हाझेमनं डोळे मोठे केले. "मला एक पुरत नाही, आणि याला चार?"

"तुझी एक तरी कुठे चालते? काल माझा पाना घेऊन गेलास!"

"आणला असता! विसरलो."

"तेच म्हणतोय मी!"

"भांडा नंतर," रोदैना म्हणाली. "बिशॉय, मला सगळं सांग. आणि 'तुला नाही कळायचं' म्हणालास तर तो पाना तुझ्या डोक्यात घालीन."

"पाना याच्याकडे आहे!" बिशॉय हसला. मग त्यानं हाझेमकडे बघितलं. हाझेमचे बाबा ताअमिया, म्हणजे कडधान्याचे वडे, तळून विकायचे. "तुझ्या बाबांचं ताअमियाचं दुकान डोळ्यांसमोर आण. पहाटे बाबा उठतात. डोळे अर्धे मिटलेले. तरी हात बरोबर शटरच्या कुलपावर जातो. जातो की नाही?"

"जातो. एकदा शेजारच्याच्या कुलपावर गेला होता."

"ती सवय म्हणजे रॉम. हा छोटा तुकडा. वीज आली की जागं कसं व्हायचं, एवढंच त्याला ठाऊक. मग बाबा मागच्या कोठारात जातात. पिठाची पोती, तेलाचे डबे, सगळं तिथे. ते कोठार म्हणजे फ्लॅश. राउटर ज्या प्रोग्रॅमवर चालतो, तो अख्खा तिथे ठेवलेला. दुकान बंद असलं तरी कोठार भरलेलंच राहतं."

"पुढे?"

"पुढे भिंतीवरची फळी. मीठ किती, मिरची किती, ठरलेली मापं तिथे ठेवलेली. ती एनव्हीरॅम. मालकानं ठरवून ठेवलेल्या गोष्टी. वीज गेली तरी जागच्या जागी."

"आणि ओटा?" हाझेमला आता मजा येऊ लागली. "ओट्याशिवाय दुकान कसलं!"

"ओटा म्हणजे रॅम! हा बघ. खरं काम सगळं ओट्यावर. कोठारातलं पीठ ओट्यावर, फळीवरची मापं ओट्यावर. ऐन वेळी कुणी म्हणालं, 'आज मिरची दुप्पट टाक', तर ती जादा मिरचीही ओट्यावरच. आणि दुकान बंद करताना बाबा काय करतात?"

"फडकं मारतात. ओटा चकाचक!"

"वीज गेली की रॅम चकाचक."

रोदैनानं त्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "नेट मेलं की अम्मो वगदी काय करतो?"

"आधी दीड तास 'कुणी हात लावू नका, मी बघतोय' म्हणतो," हाझेम म्हणाला. "मग बटण बंद, बटण चालू. आणि नेट टुणटुणीत! अख्खी गल्ली टाळ्या वाजवते."

हे अगदी खरं होतं. टीव्ही असो, पंखा असो, राउटर असो, आमच्या गल्लीत औषध एकच. बंद कर, चालू कर. बरं झालं की कुणी विचारत नाही, आजार काय होता.

"म्हणजे आजार ओट्यावरच असतो," रोदैना हळूच म्हणाली. "कुणीतरी ओट्यावर जादा मिरची टाकतंय. आणि सगळे आधी फडकं मारतात. बघत कुणीच नाही!"

हाझेम ताडकन उठला. "थांबा! मंगळवारी नेट मेलं तेव्हा मी मुअल्लिम शहातच्या कहवाखान्यात ताअमिया पोचवायला गेलो होतो. तिथे मोठ्या पडद्यावर मॅच चालू होती. नेटवरूनच! एकदासुद्धा अडकली नाही!"

"त्यांची तार कुठून येते?"

"आपल्याच डब्यातून! सात नंबर!"

बिशॉयनं राउटरचं झाकण लावलं.

"आजही मॅच आहे," बिशॉय म्हणाला.

* * *

संध्याकाळी नेट मेलं. खिडक्या धडाधड उघडल्या. "गेलं का रे?" "गेलं!" "वगदीला बोलवा!" वगदी कहवाखान्याच्या दारातून हात हलवत होता. "बघतोय, बघतोय! कुणी हात लावू नका!"

तो खाली पडद्यासमोर बसून वरचा डबा कसा बघत होता, हे देवच जाणे!

तिघं गच्चीवर पोचले. पत्र्याच्या खोलीला कुलूप नव्हतं, कारण कबुतरांचे दाणे तिथेच असायचे. राउटरचे दिवे लुकलुकत होते. त्याच्या पाठीतून निघालेली आकाशी रंगाची तार वगदीच्या लॅपटॉपला जोडलेली होती. आणि लॅपटॉप सताड उघडा!

"हा तर दार उघडं टाकून गेलाय," बिशॉय पुटपुटला आणि पडद्यावरच्या ओळी वाचू लागला. "सात नंबर... सगळा वेग सात नंबरला. बाकीच्या... अरे! बाकीच्या सगळ्या तारा गोगलगायीच्या चालीवर टाकल्यात!"

"माझ्या आईचा धडा चालू आहे आत्ता," रोदैना म्हणाली. "तिनं त्या ट्रकड्रायव्हरची तीनदा माफी मागितली. तीनदा! आणि हा खाली बसून मॅच बघतोय?"

तेवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. हाज्ज रिफअत वैतागून वर आले होते. "खड्ड्यात गेलं ते हात लावू नका! मीच बंद करतो, मीच चालू करतो!"

रोदैना उडी मारून बटणासमोर उभी राहिली. पाठ भिंतीला, हात पसरलेले. "नाही, हाज्ज! बंद करू नका! अजून कुणी बघितलंच नाही!"

"बाजूला हो, पोरी!"

"नाही होणार! मारा हवं तर!"

"मी आजवर कबुतरालाही मारलं नाही, तुला काय मारणार! पण बाजूला..."

आणि फट्! वीजच गेली. सगळ्या गल्लीची. उन्हाळ्यात आमच्याकडे हे रोजचंच. पंखा थांबला, राउटरचे दिवे विझले.

"ओटा पुसला," बिशॉय रडवेला झाला. "हाज्ज, लॅपटॉपवर अजून दिसतंय, हे वाचा!"

हाज्जनी डोळे बारीक केले. "इंग्रजी मुंग्या दिसतायत मला. काय वाचू?"

"माझ्या वस्तूंना हात लावला?" दारात वगदी! धाडकन त्यानं लॅपटॉप मिटला. "बघितलंत, हाज्ज? हेच कार्टे बिघडवतात! चला, निघा!"

वीज आली. राउटर जागा झाला. नेट मस्त चालू! खाली लोक ओरडले, "शाबास, वगदी!" आणि तो चक्क मान डोलावून शाबासकी घेत उभा राहिला.

हाज्ज मुलांकडे बघून एवढंच म्हणाले, "घरी जा."

* * *

नदीकाठी एका अर्धवट बांधलेल्या होडीच्या फळ्यांवर तिघं पाय सोडून बसले होते.

"फोटो काढायला हवा होता," हाझेम म्हणाला.

"काढून काय?" बिशॉय म्हणाला. "त्या मुंग्यांचा अर्थ लोक कुणाला विचारणार? वगदीलाच!"

"मग संपलं."

"संपलं काय? शुक्रवारी तो काय करणार, कळलं का तुम्हाला?" रोदैना उसळली. "आधी गुपचूप तोच नियम लिहिणार. नेट मेलं की सगळ्यांना म्हणणार, बघा, हिच्या आईनं गिळलं. मग आमची तार कापणार, बटण बंद-चालू करणार आणि नेट बरं झालेलं दाखवणार! लोक टाळ्या वाजवणार. आणि पुसल्यामुळे काहीच उरणार नाही."

मग रोदैना एकदम वळली.

"बिशॉय, ओट्यावरची मिरची फळीवर ठेवता येते?"

"म्हणजे?"

"रॅममधलं त्या दुसऱ्या आठवणीत. जी वीज गेली तरी राहते."

"येते की! एकच शब्द टाइप करायचा. सेव्हचा हुकूम. पण वगदी ते मुद्दाम करत नाही ना, म्हणून तर..." बिशॉयचा जबडा खाली आला. "अगं!"

"त्याला वाटतं, पुसलं की सुटलो. मग पुसू दे खुशाल! पुसलं जाणारच नाही असं करू!"

"पकडले गेलो तर?" हाझेमनं विचारलं.

"तर सांगू, हो, आम्ही केलं. तोंड लपवायचं कशाला? आपण एक अक्षर बदलत नाही. त्यानंच लिहिलेलं. आपण डब्याला फक्त म्हणायचं, बाबा रे, एवढं लक्षात ठेव!"

* * *

शुक्रवार. मॅच सुरू व्हायची वेळ. वगदी गच्चीवरून खाली उतरला आणि पडदा नीट चालतोय का ते बघायला थेट कहवाखान्यात शिरला. तिथे हाझेम गरम ताअमियाची ताटली घेऊन टपूनच होता.

"अम्मो वगदी! पहिला घाणा, खास तुमच्यासाठी!"

"माझ्यासाठी? का रे?"

"बाबा म्हणाले, बाशमुहंदिसांचं आज मोठं काम आहे, पोट रिकामं नको."

वगदी फुगला. बसला. एक तोंडात टाकला. "हाऽऽ! गरम!"

"फुंकून खा ना, अम्मो. आणि मला एक सांगा, ऑफसाइड म्हणजे काय हो?"

"तुला नाही..." वगदीनं तोंडातला घास गिळला. "बरं, ऐक. समज, ही ताटली म्हणजे गोल..."

आणि आमच्या नशिबानं ऑफसाइड समजावून सांगायला वगदीला चार ताअमिया लागले! हाझेम मुद्दाम चुकीचं समजून घेत होता. "म्हणजे गोलकीपर ऑफसाइड?" "नाही रे, गाढवा!" पण त्याची एक नजर सारखी आकाशाकडे होती.

वर रोदैना खुराड्याशी बसून जिन्यावर लक्ष ठेवत होती. आत बिशॉय पुन्हा उघड्याच टाकलेल्या लॅपटॉपवर वाकला होता. पहिल्यांदा शब्द चुकला. डब्यानं काहीतरी कुरकुर केली. त्यानं तळवे चड्डीला पुसले आणि पुन्हा एकेक अक्षर दाबलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग पडद्यावर उमटलं, ओके.

"ठेवलं!" तो कुजबुजला. "फळीवर ठेवलं!"

रोदैनानं खुराड्याचं दार उघडलं. फडफडफड! हाज्जची सगळी कबुतरं गल्लीवर गोल फिरू लागली.

"माझी कबुतरं कुणी सोडली?" मशिदीकडून येणारे हाज्ज गरजले.

कहवाखान्यात हाझेमनं शेवटचा ताअमिया स्वतःच्या तोंडात टाकला. "कळलं, अम्मो. ऑफसाइड म्हणजे जिथे असायला नको तिथे आधीच जाऊन बसणं!"

* * *

गच्ची भरून गेली. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. अब्ला सुमय्या कठड्याशी ताठ उभ्या होत्या. कुणाशी बोलत नव्हत्या. आज त्यांनी ट्रकड्रायव्हरला कळवून ठेवलं होतं, कदाचित हा शेवटचा धडा.

"नेट चालू आहे का कुणाचं?" वगदीनं मोठ्यानं विचारलं.

"नाही!" गच्च्या-गच्च्यांवरून आवाज आले.

"आता बघा. मी यांची तार कापतो, राउटर बंद करून चालू करतो, आणि..."

"कापायला कशाला पाहिजे?" रोदैना गर्दीतून पुढे आली. तिनं सरळ खोलीत जाऊन स्वतःच्या घराची तार खटकन उपटली आणि डोक्यावर उंच धरली. "ही आमची तार! बघा सगळ्यांनी! डब्यात नाही, माझ्या हातात आहे! आता करा बंद. करा चालू. नेट आलं तर मी स्वतः ही तार कापीन!"

अब्ला सुमय्यांनी तोंडावर हात ठेवला.

वगदीला तर हे आयतंच मिळालं. "पोरगी समजूतदार आहे!" त्यानं ऐटीत प्लग उपटला. दहापर्यंत मोठ्यानं आकडे म्हटले. लहान पोरांनीही त्याच्याबरोबर म्हटले. प्लग खोचला.

पंखा घरघरला. लॅपटॉपवर ओळी सरकू लागल्या.

"शटर उघडलं," बिशॉय हाझेमच्या कानात पुटपुटला. "रॉम जागं झालं... आता कोठारातून पीठ आणतोय... ते बघ, खुणांची रांग चाललीय..."

"किती वेळ?"

"गप्प बस ना! आता... आता फळीकडे हात गेला..."

दिवे लुकलुकले. राउटर तयार.

"आलं का नेट?" वगदी हसत ओरडला.

"नाही!"

"थोडं थांबा. आता?"

"नाही रे बाबा!"

"इथेही नाही!"

आणि त्याच वेळी खाली कहवाखान्यातून आवाज आला. "गोऽऽऽल!" पन्नास माणसं एकदम ओरडली. तिथला पडदा तुपासारखा चालला होता.

वगदीचं हसू घसरलं. त्यानं पुन्हा प्लग उपटला. पुन्हा खोचला. आकडे म्हणायचंही विसरला. पुन्हा तेच! गल्ली मेलेली, कहवाखाना जिवंत. त्यानं लॅपटॉप ओढला, घाईघाईनं पासवर्ड मारला, ओळी वर-खाली केल्या, आणि त्याचे डोळे विस्फारले.

"अशक्य! हे राहिलं कसं? मी तर सेव्ह केलंच नव्हतं!"

शब्द तोंडातून गेले. परत घेता येईनात.

हाज्ज रिफअत शांतपणे पुढे आले. "काय सेव्ह केलं नव्हतंस, वगदी?"

"म्हणजे... ते... तांत्रिक..."

"मला नाही कळायचं, असंच ना? मग सावकाश सांग. मला वेळ आहे."

"पोरांनी केलं! या पोरांनीच लिहिलं!"

"परवाच तू माझ्यासमोर शपथ घेतलीस. तुझ्याशिवाय कुणी एक अक्षर लिहू शकत नाही म्हणून. तेव्हा खोटं बोललास की आत्ता बोलतोयस?"

"अक्षरं त्यांचीच आहेत, हाज्ज," रोदैना मान वर करून म्हणाली. "सेव्ह मात्र आम्ही केलं. ते लॅपटॉप उघडा टाकून गेले होते. आम्ही विचारलं नाही, हे खरं. त्याची शिक्षा द्या हवी तर. पण आमची तार डब्यात नव्हती आणि तरी नेट मेलं, हे सगळ्यांनी बघितलंय!"

बिशॉयनं एकेक ओळ बोटानं दाखवून अर्थ सांगितला. सात नंबर सुसाट. बाकी सगळे गोगलगाय. ज्या म्हाताऱ्यांना कधी माउस धरता आला नव्हता, त्यांनाही कळलं!

गल्लीत आरडाओरडा झाला. खालून कहवाखान्याचा मालक मुअल्लिम शहात हात जोडून ओरडला, "मी फक्त म्हटलं होतं मॅच अडकू नये! पहिल्या रांगेची खुर्ची आणि चहा देईन म्हटलं! सगळ्यांचा गळा दाब, असं कुठे म्हटलं?"

"एका खुर्चीसाठी, वगदी?" अब्ला सुमय्या पहिल्यांदाच बोलल्या. "आणि माझीच तार का?"

वगदी जमिनीकडे बघत पुटपुटला, "नेट का मेलं, हे तुम्ही दर वेळी विचारायला यायचात. बाकीचे नाही विचारत."

कुणीतरी ओरडलं, "मग आता वगदीची तार कापा!" दुसरा म्हणाला, "कहवाखान्याचीही!"

"कुणाची तार कापायची नाही!" रोदैना इतक्या जोरात ओरडली की कबुतरं पुन्हा उडाली. "कुणाचीच नाही! सगळ्यांना सारखं द्या, बस्स!"

हाज्ज रिफअत हसायला लागले. आधी हळूच, मग पोट धरून. "ऐकलंत? माझ्या होडीला हिच्यासारखा पक्का खिळा मिळाला असता तर ती अजून तरंगत असती!" त्यांनी बिशॉयच्या डोक्यावर हात ठेवला, हाझेमच्या पाठीत असा धपाटा घातला की खाल्लेला ताअमिया आठवला. "परवा मी तुम्हाला घरी जा म्हणालो. मी बघायला हवं होतं. शाबास, पोरांनो! आजपासून हा डबा तुम्ही तिघांनी सांभाळायचा. आणि कबुतरं न विचारता सोडायची नाहीत!"

बिशॉयनं नियम काढला. सेव्ह केलं. रोदैनानं तार जागेवर खोचली.

"आलं!" एका गच्चीवरून. "आलं, आलं!" सगळीकडून.

अब्ला सुमय्या जिना उतरून धावतच घरी गेल्या. थोड्या वेळानं खालच्या खिडकीतून त्यांचा आवाज आला, आणि मागोमाग एका परक्या माणसाचा, अडखळत, एकेक अरबी शब्द वजनानं ठेवल्यासारखा. "मी... गाडी... थांबवली. मी... तुमची... वाट... बघत होतो."

रोदैना कठड्यावर हनुवटी टेकवून ऐकत होती. मग म्हणाली, "हाझेम, आता डबा आपल्याकडे आला. पासवर्डही."

"हो! आता आपणच बाशमुहंदिस!"

"तेच नकोय मला." तिनं वळून त्याच्याकडे बघितलं. "उद्या कुणी येईल. एखादं लहान पोर, एखादी आजी. विचारेल, आत काय असतं? तेव्हा तू घाईत असशील, कंटाळलेला असशील. तरी सांगशील?"

"ओटा, फळी, कोठार, सगळं?"

"सगळं. त्यांना कळेपर्यंत."

हाझेमनं कानाची पाळी चिमटीत धरली.

"वचन देतो, रोदैना. 'तुला नाही कळायचं' असं मी कधीच, कुणालाच म्हणणार नाही."